भिंतीआडचा मॅलकी

मॅलकी डेव्हनीबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दल लिहावं लागणार, आणि तेच मला नको होतं. पाच वर्षं मी ते टाळलं. पण समुद्रकाठच्या आमच्या कॅरोबेग गावात त्याची गोष्ट जो तो आपापल्या परीने सांगतो, सांगताना माझा भाग गाळतो, आणि मी समोर असले की जरा जास्तच गाळतो. लोकांच्या ह्या उपकाराचा मला आता कंटाळा आलाय.

मॅलकी एकाहत्तर वर्षांचा आहे. निवृत्त होईपर्यंत त्याने मिठाची गाडी चालवली. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरायच्या आत मीठ आणि बारीक खडी टाकत फिरणारी ती पिवळी गाडी, तिच्यावर तो. उजाडता उजाडता फेरी संपवायचा, आणि घरी जाऊन आडवा होण्याऐवजी लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन समुद्रावर यायचा. त्या वेळी पाण्यात उतरणारा तो एकटाच असे. बाकी गाव काचेआडून बघून डोक्याला हात लावायचं.

विशीत तो लंडनला बांधकामावर गेला होता. तिकडून परतताना लोक रेडिओ आणत, चांगला कोट आणत. ह्याने पाणबुड्याचा जुना काळा रबरी सूट आणला. भर जानेवारीत तो चढवून तो समुद्रात शिरला, तेव्हा कुणीतरी पळत जाऊन त्याच्या आईला सांगितलं की तुमचा मुलगा जीव द्यायला निघालाय. ती माउली हातात जपमाळ घेऊन खडकावर येऊन उभी राहिली. आणि हा पठ्ठ्या लाटेवर उभा राहून तिच्या समोरून गेला. तेव्हा तिने त्याला जी शिवी हासडली, ती सांगताना मॅलकी अजून आधी आजूबाजूला बघून घेतो.

मी एकोणीस वर्षांची असताना त्याने मला सूट घालायला शिकवलं. ही काही सोपी गोष्ट नाही. सहा मिलिमीटर जाड रबर, त्यात मान, मनगटं, घोटे, सगळं आवळलेलं. पहिल्या दिवशी मी किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये एका पायावर नाचत नाचत चिखलात पडले. मॅलकीने मला उठवलं आणि पावाची रिकामी प्लास्टिकची पिशवी हातात दिली. म्हणाला, "ही पायावर चढव, मग पाय घाल. पिशवी घसरते, पाय आत जातो, मग पिशवी काढून घे. आणि नखांनी धरू नकोस, पोरी. पेरांनी धर. सूट नवाच्या नवा फाडशील." सूट अंगाला कातडीसारखा बसला पाहिजे, सैल असला तर आत थंड पाणी खेळतं आणि माणूस अर्ध्या तासात निळा पडतो, हेही त्यानेच शिकवलं.

पण घालणं परवडलं, काढणं नको. तासाभराने बाहेर येतो तेव्हा बोटं आपली राहत नाहीत. गाडीची किल्ली फिरत नाही, धड नाकसुद्धा पुसता येत नाही. ओलं रबर अंगाला चिकटलेलं, आणि वरून वारा. एकदा परगावचा एक माणूस अर्धा सूट उतरवलेल्या अवस्थेत आपल्या गाडीत बेशुद्ध सापडला. त्यानंतर मॅलकीने आम्हा पाण्यात उतरणाऱ्यांना नियम घालून दिला. जो आधी बाहेर येऊन कोरडा होईल, त्याने शेजारच्याचा सूट ओढायचा. शेजारी कोण ते बघायचं नाही. बँकेचा मॅनेजर असो, नाहीतर ज्याच्याशी बांधावरून तुमचं वाकडं आहे तो असो. ओढणाऱ्याने नजर समुद्राकडे ठेवायची. आणि शेवटचा माणूस सूटमधून मोकळा होऊन कोरड्या कपड्यांत येईपर्यंत कुणीही घरी जायचं नाही. तीस वर्षांत, एकजण सोडला तर, हा नियम कुणी मोडलेला मला आठवत नाही.

आता माझ्याविषयी. माझं नाव नोरीन कॉली. मी घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं बघते. ज्यांचं स्वतःचं स्वतःला होत नाही त्यांना आंघोळ घालायची, कपडे घालायचे, चार घास भरवायचे. ज्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं असतं, त्यांच्या पोटावरची शौचाची पिशवी बदलायची. बावीस वर्षं मी हे काम करतेय. कसलीही किळस मला येत नाही, कुणाचीही लाज मी वाढू देत नाही, असं मी स्वतः चारचौघांत सांगत असे. आणि माझं तोंड मोठं आहे. पार्किंगमध्ये माणसं हसली की त्यामागे नोरीनने काहीतरी म्हटलेलं असणार, हे ठरलेलं. मला त्याचा अभिमान होता.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मॅलकी दिसेनासा झाला. विचारलं तर त्याची बहीण म्हणाली, पाठ धरलीय. आम्ही विश्वास ठेवला. उभा जन्म गाडीच्या सीटवर काढलेल्या माणसाची पाठ धरायचीच. तो परतला थेट नोव्हेंबरमध्ये. बराच वाळला होता. नवा सूट होता, मागे चेन असलेला जुन्या पद्धतीचा, आणि निदान दोन मापं मोठा. कपडे बदलायला तो आमच्यात न थांबता पार्किंगच्या टोकाला असलेल्या पडक्या दगडी भिंतीआड गेला. पाण्यात वीस मिनिटं राहिला आणि परत भिंतीआड. आत त्याला अर्धा तास लागायचा. आम्ही बाहेर ताटकळत, पाय आपटत उभे. कुणी "येऊ का ओढायला?" म्हटलं तर आतून आवाज यायचा, "नको, नको. होतंय."

पूर्वी पाण्यात जाण्याआधी तो माझ्या डब्यातली दोन अंड्याची सँडविचं हक्काने खायचा. आता हात लावत नव्हता. चालताना डावा कोपर पोटाशी धरायचा. एक छोटी निळी थैली कायम जवळ, ती गाडीतसुद्धा ठेवायचा नाही. अशी माणसं मी रोज बघते. जेवण टाळणारी, पोटाशी हात धरणारी, थैली जवळ बाळगणारी. अशा कुणाच्या घरात मी पाऊल टाकलं की मला दारातच कळतं. मॅलकीच्या बाबतीत मात्र मला एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे चेष्टा करायला चांगलं खाद्य मिळालंय.

"काय रे मॅलकी, लग्नबिग्न ठरलंय की काय? एवढा नटतोस कुणासाठी?" मी भिंतीकडे तोंड करून ओरडायची.

"त्याला म्हणावं, आम्ही बघितलंय सगळं. काही नवीन आलं असेल तर सांग," टायर्नन म्हणायचा. टायर्नन आमचा गॅरेजवाला. त्याचा आवाज पलीकडच्या गावात ऐकू जातो. त्याला अक्कल बेताचीच, असं माझं तेव्हा मत होतं.

मग मी मॅलकीला 'नवरीबाई' म्हणायला लागले. नाव चिकटलं. दुकानात, गुत्त्यात, चर्चच्या पायऱ्यांवर, "कशा आहात नवरीबाई?" असं लोक विचारू लागले. तो हसून मान हलवायचा. तो हसतोय म्हणजे त्याला चालतंय, असं मी धरून चालले. एखाद्या म्हाताऱ्याने माझ्यासमोर तसं हसू आणलं असतं तर ते कसलं हसू आहे हे मला लगेच कळलं असतं.

जानेवारीचा तिसरा रविवार. वारा पूर्वेचा होता, जमिनीवरून समुद्राकडे. अशा वाऱ्यात लाटा सुरेख उभ्या राहतात आणि माणसं गारठून मरतात. आम्ही सहाजण होतो. त्या दिवशी मॅलकी पाण्यात जास्त रमला. चाळीस मिनिटं तरी राहिला असेल. एक लाट तर त्याने अशी घेतली की टायर्नन फळीवर बसल्या बसल्या ओरडला, "म्हाताऱ्या, आम्हाला काही शिल्लक ठेव की!" बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. फळी खडकावर तशीच टाकून तो भिंतीआड गेला.

आम्ही सगळे कोरडे झालो. चहा संपला. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. गाडीच्या काचेवर बर्फ धरायला लागला. टायर्नन म्हणाला, "नोरीन, हे बरोबर नाही. नियम त्याचाच आहे. जा, ओढ जा त्याला."

"चला रे," मी म्हटलं, "नवरीबाईंना मांडवात आणू या." आणि बाकीचे माझ्या मागून आले. टायर्ननने तोंडाने लग्नातली पिपाणी वाजवायला सुरुवात केली होती. आले ते माझ्यामुळे आले, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

मॅलकी भिंतीला टेकून बसला होता. डावा हात मोकळा, उजवा कोपरापर्यंत अडकलेला. आत पातळ गंजी होती, ती भिजून अंगाला चिकटलेली. दात इतके वाजत होते की त्याला धड बोलता येईना.

"नको नोरीन. जा तू. मी करतो."

"काय करतोस? बर्फ होतोयस. दे हात."

मी उजवी बाही ओढली, हात सुटला. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्याच्या पायांशी गेले, कमरेपाशी दोन्ही मुठींत रबर धरलं. त्याने मोकळ्या हाताने कंबर गच्च धरली. म्हणाला, "नोरीन, ऐक. एक मिनिट ऐक." मी त्याच्या हातावर चापट मारली. "लाजू नका नवरीबाई, उगाच नखरे," असं म्हणाले, आणि मागच्यांना दिसावं म्हणून तोंड त्यांच्याकडे वळवून हसले. मग दोन्ही पाय रोवून एका हिसक्यात ओढला. ओढायची ही पद्धत मी त्याच्याकडूनच शिकले होते.

सूट खाली आला. गंजी वर गेली. रबराला अडकून पिशवीची कड पोटावरून उचकटली होती, आणि आतलं सगळं त्याच्या मांडीवर, सूटवर, माझ्या हातांवर आलं होतं.

पिपाणी थांबली. मॅलकीने दोन्ही हात पोटावर धरले, पण दोन हातांनी असं किती झाकणार. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माफ कर, नोरीन. तुझे हात खराब झाले."

ह्यानंतर जे झालं ते सांगताना लोक गाळतात. मी दोन पावलं मागे सरले, आणि माझा हात नाकाकडे गेला. बावीस वर्षांत परक्यांच्या घरी जे एकदाही केलं नाही, ते मी मॅलकीसमोर केलं. तिथे पाणी होतं, टॉवेल होता, काय करायचं हे त्या आवारात मला एकटीला माहीत होतं. मी नुसती उभी राहिले. त्याने ते पाहिलं, आणि मान खाली घातली.

टायर्नन पुढे झाला. अंगातला लांब टॉवेलचा झगा काढून त्याने मॅलकीभोवती गुंडाळला, स्वतः उघड्या अंगाने त्या वाऱ्यात उभा राहिला, आणि आमच्यावर ओरडला, "तिकडे बघा! समुद्राकडे बघा सगळे!" मग त्याने बाटलीतलं गरम पाणी मागितलं. मला नाही, दुसऱ्याला. निळी थैली उघडून त्यातलं काय कशासाठी आहे ते तो मॅलकीलाच विचारत राहिला. "हे का? आणि हे कुठे? बरं. तू सांग, मी करतो." मी गाडीपर्यंत कशी आले मला आठवत नाही. त्या दिवशी नियम मी मोडला. शेवटचा माणूस कोरडा व्हायच्या आत मी घरी निघून गेले.

मॅलकी यायचा बंद झाला. फेब्रुवारीत लाटा इतक्या चांगल्या लागल्या की दूरदूरची माणसं आली, पण तो आला नाही. सदुसष्टीला आलेला माणूस. एक हिवाळा पाण्याबाहेर काढला की अंग विसरतं आणि मग परतणं होत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पार्किंगमध्ये आता कुणी भिंतीकडे बघत नसे. मी विनोद करायचं बंद केलं, तर त्याबद्दलही कुणी विचारलं नाही. मॅलकीचं घर माझ्या कामाच्या रस्त्यावरच आहे. रोज सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर निघताना दिसायचा आणि मी गाडीचा वेग वाढवायची. मार्च लागला तरी मी आत गेले नव्हते.

शेवटी टायर्नननेच मला गॅरेजमध्ये धरलं. मी टायर बघून घ्यायला गेले होते.

"गेलीस का त्याच्याकडे?"

"वेळच मिळत नाही रे."

"मी चारदा जाऊन आलो. मी तर साधा गाड्या दुरुस्त करणारा माणूस," तो म्हणाला, आणि टायरमध्ये हवा भरत बसला.

मी त्याच दुपारी गेले. मॅलकीने दार उघडलं, 'ये' म्हणाला, चुलीवर किटली ठेवली. मी वाटेत घोकून आलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. मला माहीत नव्हतं, तुझी पाठ दुखते असंच वाटत होतं, माहीत असतं तर मी मेले असते पण असं केलं नसतं.

"माहीत नव्हतं हे खरं आहे," तो म्हणाला. कप मांडले. साखरेचं भांडं पुसलं. "मी सांगणार होतो तुला."

"मला?"

"तुलाच. ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात जायला हरकत नाही, फक्त कपडे बदलताना जपा. घरी येताना मला हायसं वाटलं. म्हटलं, आपली नोरीन आहे. तिचं रोजचं काम हे. ती आडोशाला येईल, हळूच ओढील, कुणाला कळायचंसुद्धा नाही. त्या भरवशावर सूट घेतला मी. दोन मापं मोठा, म्हणजे तुला सोपं जाईल."

मी समोरचा कप फिरवत राहिले.

"पहिल्या रविवारी मी तुला बाजूला घ्यायला आलो. म्हटलं, नोरीन, जरा त्या भिंतीमागे येतेस का, काम आहे. तू केवढ्याने ओरडलीस. 'ऐका रे सगळे, मॅलकी मला भिंतीमागे बोलावतोय, साक्षीला राहा!' लोक हसले. मग कसं सांगणार?"

"असं म्हणाले मी?"

"आठवत नाही?"

"नाही."

"नसेलच," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "तू दिवसभरात इतकं बोलतेस."

मी रडले. तो रुमाल देऊन खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, माझं आवरेपर्यंत. निघताना मी म्हटलं, "ये तू रविवारी. मी ओढीन. भिंतीआड, हळू. दुसरं कुणी येणार नाही, माझी जबाबदारी." तो म्हणाला, "बघू." मी तो होकार धरला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तो आला. गारा पडत होत्या. सगळ्यांनी हवेला शिव्या दिल्या, त्यानेही दिल्या. पाण्यात तो पंचवीस मिनिटं राहिला, दोन लाटा घेतल्या. मी मुद्दाम आधी बाहेर आले. बोटं चालती व्हावीत म्हणून नुसते हात गरम पाण्यात धरले, अंगातला सूट तसाच ठेवला, आणि त्याची थैली घेऊन भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. सगळं तयार ठेवलं होतं. उबदार पाणी, कोरडा टॉवेल, लागलीच तर दुसरी पिशवी. मी आयुष्यात कुणासाठी इतकी नीट तयारी केली नव्हती.

तो पाण्याबाहेर आला, आणि भिंतीकडे वळलाच नाही. पार्किंगच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत उभा राहिला, हात वर केले आणि म्हणाला, "टायर्नन, ये. हळू ओढ. डाव्या बाजूला पिशवी आहे माझी."

मी धावत गेले. हात पुढे करून म्हणाले, "मॅलकी, मी आहे ना. मी करते."

"तू राहू दे, नोरीन," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला. आणि माझ्या हातातली थैली घेऊन टायर्ननकडे दिली.

टायर्ननने ओढलं. काळे, तेलकट, राकट हात त्याचे, आणि पंधरा मिनिटं लावली त्याने. बाकीचे समुद्राकडे तोंड करून उभे होते. मीही तिकडेच तोंड केलं. लाटा येत होत्या, पण मला त्यातली एकही दिसली नाही. मॅलकी कोरडा झाला, जाड बंडी घातली, टोपी घातली. मग माझ्याजवळ आला. मी अजून सूटमध्ये होते आणि थंडीने माझी बोटं पुन्हा गेली होती.

"चल, हात वर कर," तो म्हणाला आणि मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा जसा ओढायचा तसाच त्याने माझा सूट ओढला. एक बाही, दुसरी बाही, मग कंबर. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

त्याला आता पाच हिवाळे झाले. मॅलकी अजून पाण्यात उतरतो, अजून मधोमध उभा राहतो, आणि दर रविवारी माझा सूट ओढतो. त्याचा सूट टायर्नन ओढतो. टायर्नन नसला तर दुसरा कुणी, गेल्या महिन्यात तर पहिल्यांदाच आलेल्या एका परक्या बाईने ओढला. मी शेजारी उभी होते. एकदाच मी धीर करून विचारलं, माझी पाळी कधी. तो म्हणाला, "त्यांना सवय झालीय गं आता." मी परत विचारलं नाही. उद्या सोमवार. मला तीन घरी पिशव्या बदलायच्या आहेत. तिन्ही घरची माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, नोरीनचा हात फार हलका आहे.